‘तिला पुढं जायचंच नाही’ या वाक्यामागचं गणित

सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या मॅनेजर मंडळींशी बायकांच्या बढतीबद्दल बोलायला लागलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "आमच्याकडून काही आडकाठी नाही हो, पण त्यांनाच पुढं जायचं नसतं." बोलणाऱ्याच्या मनात खोट असतेच असं नाही. त्यानं खरोखरच टीममधल्या दोघी-तिघींना टेक लीड, म्हणजे टीमच्या तांत्रिक कामाची प्रमुख, होणार का म्हणून विचारलेलं असतं आणि "नको, आहे तेच बरं आहे" असं उत्तर त्याला मिळालेलं असतं. म्हणजे त्यानं जे पाहिलं ते खरंच आहे. त्याचा लावलेला अर्थ मात्र चुकतो. तो कुठं चुकतो हे कळायला कंपनीत रेटिंग कसं ठरतं, बढती कशी मिळते आणि पुढं जाण्याची इच्छा माणसाच्या मनात मुळात येते कुठून, इतकं सगळं उलगडावं लागतं.

एरवी आपण दोन प्रश्न वेगळे धरतो. बाईला करिअरमध्ये काय हवंय, हा एक. ती काम कसं करते, हा दुसरा. पहिला तिच्या मनाचा आणि दुसरा तिच्या कुवतीचा, असा आपला समज. टेक क्षेत्रात हे दोन प्रश्न एकमेकांत पार गुंतलेले आहेत. कामाचं मोजमाप जसं होतं तशी संधी मिळते, आणि संधी जशी दिसते तशी इच्छा घडते. हा क्रम लक्षात घेतला की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

इच्छा येते कुठून

रोझाबेथ मॉस कँटर या समाजशास्त्रज्ञांनी १९७७ साली एका मोठ्या अमेरिकन कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हाही "बायका महत्त्वाकांक्षी नसतात, त्यांना बढतीपेक्षा मैत्रिणींत रमायला आवडतं" असंच म्हटलं जायचं. कँटर यांनी लोकांकडं बघताना आधी त्यांच्या खुर्च्यांकडं पाहिलं. ज्या पदावरून वर जायला वाटच नव्हती, तिथं बसलेली माणसं हळूहळू अपेक्षा कमी करत होती. सोबतच्यांच्या सहवासात आणि कंपनीबाहेरच्या गोष्टींत समाधान शोधत होती, बढतीचा विषय निघाला की आपल्याला त्यात रस नाही म्हणत होती. अशा पदांवरचे पुरुषही तसेच वागत होते. उलट, जिथून वरची पायरी स्पष्ट दिसत होती तिथल्या बायकांच्या अपेक्षा वाढत जात होत्या. बायकी स्वभाव म्हणून जे खपवलं जात होतं, तो त्या खुर्चीचा गुण होता. बायकांना बसवलेल्या खुर्च्याच बहुतेक बंद वाटेच्या होत्या.

हे जुनं झालं असं कुणी म्हणेल. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीनं २०१७ साली दोन लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांची उत्तरं तपासली. त्यात करिअरच्या सुरुवातीला बायकांची महत्त्वाकांक्षा पुरुषांच्या तोडीस तोड होती. पुढं ती टिकते की ओसरते हे ठरत होतं कंपनीतल्या वातावरणावरून. मुलं झाली म्हणून ती कमी होते, या समजाला त्या आकडेवारीत आधार मिळाला नाही. मॅकिन्झी आणि लीन इन या संस्था दरवर्षी अमेरिकेतल्या नोकरदार बायकांचा अहवाल काढतात. २०२५च्या अहवालात बढती हवी असं म्हणणाऱ्या बायका ८० टक्के होत्या आणि पुरुष ८६ टक्के. हा फरक ठळक बातमी झाला. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी उचलली नाही: जिथं बायकांना पुरुषांइतकाच वरिष्ठांचा पाठिंबा मिळत होता तिथं हा फरक उरत नव्हता.

आता त्या "नको"कडं परत बघा. टेक लीड होणार का असं विचारल्यावर ती समोर काय बघत असते? आधीचा लीड रात्री अकराला परदेशातल्या ग्राहकाशी कॉलवर असतो. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या सिस्टीममध्ये, काही कोसळलं की सुट्टीच्या दिवशीही पहिला फोन त्यालाच. पगारातली वाढ नावापुरती. तिच्याआधी एकच बाई लीड झाली होती, तिच्याबद्दल लोक "हुशार आहे, पण फार तापट" असं बोलायचे. शिवाय लीडच्या वरची पायरी गाठलेली एकही बाई तिला दिसत नाही. या सगळ्याचा हिशेब करून ती "नको" म्हणते. त्या हिशेबात चूक काढणं मला तरी जमत नाही. ऐकणारा मात्र त्याची नोंद "हिला महत्त्वाकांक्षा नाही" अशी करतो आणि पुढच्या वेळी विचारतही नाही.

इथं क्लॉडिया गोल्डिन यांचं काम उपयोगी पडतं. त्यांना २०२३ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की काही नोकऱ्यांत दुप्पट तास दिले तर दुपटीहून जास्त मोबदला मिळतो. कधीही हाक मारली तरी हजर असणाऱ्याला कंपनी जास्तीचं बक्षीस देते. घरात दोघं कमावते असले आणि मुलं लहान असली तर दोघांनाही अशी नोकरी परवडत नाही. एकानं ती करायची आणि दुसऱ्यानं लवचीक नोकरी धरायची, अशी वाटणी होते. लवचीक नोकरी कुणाच्या वाट्याला येते हे सांगायला नको. गोल्डिन यांच्याच निरीक्षणानुसार विज्ञान-तंत्रज्ञानातल्या व्यवसायांत स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी वित्त किंवा वकिलीच्या मानानं कमी आहे. त्याचं कारण कामाच्या स्वरूपात सापडतं. एकाचं काम दुसरा उचलू शकत असेल तर चोवीस तास हाकेला हजर राहण्याची गरज पडत नाही. कोडला नीट डॉक्युमेंटेशन, म्हणजे तो कसा चालतो याची लेखी माहिती असेल, तो तपासणाऱ्या टेस्ट लिहिलेल्या असतील, ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाला तर फोन घ्यायची, पाळी फिरती असेल, तर माणूस बदलला तरी काम अडत नाही. म्हणजे या क्षेत्रात लवचीकपणा मुळातच शक्य आहे. तो शक्य करणारं काम बहुतेक कोण करतं आणि त्याची किंमत किती धरली जाते, याकडं पुढं येतोच.

हे क्षेत्र बायकांचं नव्हतंच?

"मुलींना मुळातच यंत्रांत रस कमी" हा युक्तिवाद अजून जिवंत आहे, म्हणून थोडा इतिहास. एनिॲक हा सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक १९४६ साली जगासमोर आला. त्याचं प्रोग्रामिंग सहा बायकांनी केलं होतं: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन. प्रोग्रामिंग तेव्हा कारकुनी थाटाचं, दुय्यम काम समजलं जायचं. पुढं त्याला पैसा आणि प्रतिष्ठा आली आणि चित्र पालटलं. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुलींचं प्रमाण १९८४च्या सुमारास ३७ टक्के होतं. २०१०च्या आसपास ते १८ टक्क्यांवर आलं. पंचवीस-तीस वर्षांत मुलींचा मेंदू बदलत नाही. मलेशियातल्या अनेक विद्यापीठांत तर संगणकशास्त्र शिकणाऱ्यांत मुली निम्म्याच्या आसपास असतात.

कार्नेगी मेलन विद्यापीठाचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. १९९५ साली तिथं संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मुली ७ टक्के होत्या. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी विद्यार्थ्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यात दिसलं की बरेच मुलगे लहानपणापासून घरच्या कॉम्प्युटरवर खेळून आलेले असतात आणि वर्गात त्या आधीच्या सरावालाच हुशारी समजलं जातं. प्रोग्रामिंग आधी येत नसलेल्या मुली महिन्याभरातच "हे आपलं काम नाही" अशा निष्कर्षाला येतात. विद्यापीठानं प्रवेशासाठी आधीच्या प्रोग्रामिंगला दिलेलं वजन काढून टाकलं आणि नवशिक्यांसाठी वेगळी सुरुवात आखली. २००० सालापर्यंत मुलींचं प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं. जगातल्या मुलींची आवड पाच वर्षांत पालटली नव्हती, दारावरची अट पालटली होती.

याच्याही आधीची एक गोष्ट ब्रिटनमधली आहे. स्टेफनी शर्ली यांनी १९६२ साली सहा पौंडांच्या भांडवलावर फ्रीलान्स प्रोग्रामर्स ही कंपनी काढली. लग्न किंवा मुलांमुळं नोकरी सोडावी लागलेल्या प्रोग्रामर बायकांना त्यांनी घरबसल्या काम दिलं. ग्राहकांना पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा त्या पत्रांखाली "स्टीव्ह" अशी सही करू लागल्या आणि दारं उघडू लागली. त्यांच्या कंपनीनं कॉनकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग केलं. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत पुरुष होते तीन. १९७५चा लिंगभेदविरोधी कायदा आला तेव्हा फक्त बायकांना प्राधान्य देणं बेकायदा ठरलं आणि पुरुषांनाही घ्यावं लागलं. यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शर्ली यांनी तासांवर बिल न लावता कामाची ठरावीक किंमत सांगायला सुरुवात केली. काम कुणी, कधी, किती वाजता, कुठल्या टेबलावर बसून केलं हे ग्राहकाला कळण्याचं कारणच उरलं नाही. त्याला तपासायला उरलं फक्त काम. ज्या बायकांनी "करिअर सोडलं" असं जग धरून चालत होतं, त्याच बायका विमानाचं सॉफ्टवेअर लिहीत होत्या.

रेटिंग नेमकं कशाचं होतं

आता कामगिरी. कंपनीबाहेरच्या वाचकासाठी आधी पद्धत सांगतो. वर्षातून एकदा किंवा दोनदा प्रत्येकजण आपण काय केलं ते लिहितो. चार-पाच सहकारी अभिप्राय देतात. मॅनेजर त्यावरून एक रेटिंग सुचवतो. मग सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळं तिथं एकाची दुसऱ्याशी तुलना होते. एका माणसावर बोलायला फार तर दोन-तीन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत वर्षभराचं काम एका वाक्यात बसवावं लागतं. "त्यानं पेमेंटची सगळी सिस्टीम नव्यानं उभी केली" हे वाक्य खोलीत लगेच पोचतं. "ती फार भरवशाची आहे, सगळ्यांना सांभाळून घेते, तिच्यामुळं कधी काही अडत नाही" हे वाक्यही कौतुकाचंच आहे. पण त्यावर कुणाला बढती मिळत नाही.

हा फरक आपोआप पडत नाही. स्टॅनफर्डच्या शेली कॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक कंपन्यांतले लेखी अप्रेझल, म्हणजे वार्षिक कामाचे अभिप्राय, तपासले तेव्हा दिसलं, की बायकांना मिळणारा अभिप्राय अधिक मोघम असतो आणि कामाच्या परिणामाशी क्वचितच जोडलेला असतो. "वर्ष चांगलं गेलं" हे वाचून पुढं काय करायचं ते कळत नाही. "आणखी पुढाकार घ्यायला हवा" हेही तसंच. तेच एखाद्याला "पुढच्या सहामाहीत सर्चचं डिझाइन तू कर, आर्किटेक्टसमोर तूच मांड" असं लिहून मिळालं तर त्याच्या हातात वर्षभराचा नकाशा येतो. दोघांनीही तितकीच मेहनत घेतली तरी वर्षाच्या शेवटी दाखवायला कुणाकडं काय असेल, ते इथंच ठरून जातं.

कीरन स्नायडर यांनी २०१४ साली २८ कंपन्यांतले २४८ अप्रेझल गोळा केले. नमुना लहान आणि लोकांनी स्वतःहून दिलेला, त्यामुळं त्याला सगळ्या जगाचं चित्र मानू नये. तरी त्यातलं अंतर दुर्लक्ष करण्याजोगं नाही. पुरुषांच्या ५९ टक्के अप्रेझलमध्ये काहीतरी टीका होती, बायकांच्या ८८ टक्के. खरा फरक टीकेच्या जातीत होता. पुरुषांना सांगितलं जात होतं की अमुक कौशल्य वाढव. बायकांना त्याशिवाय बोलण्याची पद्धत, सूर, स्वभाव यांवरही ऐकावं लागत होतं. टीका असलेल्या पुरुषांच्या ८३ अप्रेझलपैकी दोनांत स्वभावावर बोट होतं, बायकांच्या ९४पैकी ७१मध्ये. कौशल्य वाढवता येतं. सूर किती खाली आणावा म्हणजे पुरे, हे कुणीच सांगू शकत नाही.

प्रत्यक्ष कामाचं काय? गिटहब या कोड एकत्र लिहिण्याच्या संकेतस्थळावरच्या लाखो पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा बदल कोडमध्ये घ्या’ अशा विनंत्या, तपासणारा एक अभ्यास २०१७ साली आला. एकूण पाहता बायकांचा कोड सुमारे ७९ टक्के वेळा स्वीकारला गेला, पुरुषांचा सुमारे ७५ टक्के. म्हणजे गुणवत्तेत कमी नाही. पण प्रकल्पाला अनोळखी असलेल्या आणि प्रोफाइलवरून बाई आहे हे ओळखू येणाऱ्या व्यक्तींचं स्वीकृतीचं प्रमाण पुरुषांपेक्षा खाली गेलं. गूगलच्या संशोधकांनी २०२२ साली स्वतःच्याच कंपनीतल्या कोड रिव्ह्यूबद्दल, म्हणजे सहकाऱ्यांनी एकमेकांचा कोड तपासण्याबद्दल, लिहिलं. बायकांच्या कोडला अनावश्यक अडवणूक होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा २१ टक्क्यांनी जास्त होती. एका रिव्ह्यूत हे जाणवतही नाही. दोन जास्तीच्या कॉमेंट, एक जास्तीची फेरी, अर्धा दिवस उशीर. पण वर्षभर प्रत्येक बदलाला असंच होत राहिलं तर "ती जरा हळू आहे" हे मत तयार होतं, आणि ते तिच्या रेटिंगमध्ये उतरतं.

कामगिरी चांगली, पण "क्षमता" कमी?

ॲलन बेन्सन, डॅनियेल ली आणि केली श्यू या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास टेक कंपनीतला नाही, एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीतला आहे. तरी तो इथं सांगतो, कारण बढतीचं यंत्र इतकं उघडून क्वचितच कुणी दाखवलंय. त्या कंपनीत जवळपास ३०,००० कर्मचाऱ्यांना दरवर्षी दोन गुण मिळत: एक केलेल्या कामाचा आणि दुसरा पुढं काय करू शकतील त्याचा, म्हणजे संभाव्य क्षमतेचा. कामाच्या गुणांत बायका पुरुषांच्या पुढं होत्या. क्षमतेच्या गुणांत मागं. बढतीतल्या तफावतीचा ३० ते ५० टक्के भाग या दुसऱ्या गुणातून येत होता.

यावर कुणी म्हणेल, मॅनेजरांना काहीतरी दिसलं असेल. संशोधकांनी तेही पडताळलं. क्षमतेचे गुण सारखे असलेल्या बायका आणि पुरुष पुढच्या वर्षी कसे निघाले? बायका त्यांच्या गुणांवरून अपेक्षित होतं त्याहून चांगलं काम करत होत्या. तरीही पुढच्या वर्षी क्षमतेचा गुण पुन्हा कमीच. काम हे घडून गेलेलं असतं, त्याला पुरावा असतो. क्षमता ही कल्पना असते, आणि नेता कसा दिसतो याचं जे चित्र आपल्या मनात असतं त्यात जो बसतो त्याला ती सहज बहाल होते. टेक क्षेत्रात टेक लीड किंवा आर्किटेक्ट म्हणून कुणाला बघायचं हा निर्णयही बराचसा अशाच दुसऱ्या गुणावर चालतो. मॅकिन्झीच्या २०२२च्या आकड्यांनुसार तांत्रिक कामांत पहिल्या पायरीवरून मॅनेजर पदावर १०० पुरुष चढले तेव्हा बायका चढल्या फक्त ५२. सगळी क्षेत्रं मिळून हाच आकडा ८६ होता. गळती वरच्या काचेच्या छताशी होते असं आपण धरून चालतो, पण सर्वांत मोठी गळती पहिल्याच पायरीवर आहे.

चिकटवण्याचं काम

टीममध्ये असं पुष्कळ काम असतं की ते केलं नाही तर सगळं कोसळतं आणि केलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नव्या माणसाला सिस्टीम समजावणं, मीटिंगचे मिनिट्स, दोन टीममधला गैरसमज मिटवणं, डॉक्युमेंटेशन, कुणाचा कोड कुणासाठी अडलाय हे बघत राहणं. इंजिनिअर लोक याला ग्लू वर्क म्हणतात. टान्या रायली या इंजिनिअरनी २०१९च्या सुमारास हा शब्द चांगलाच रूढ केला. वरच्या पदावर हेच काम नेतृत्व म्हणून मिरवतं. खालच्या पदावर केलं तर "हिचा कोड कमी आहे" असा शेरा बसतो. मघाशी म्हटलं होतं ना, लवचीकपणा शक्य करणारं काम? ते हेच.

हे बायकांच्याच गळ्यात का पडतं, याचा एक सुरेख प्रयोग लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्दे, लिझ व्हेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. तिघांचा गट, प्रत्येकाच्या समोर कॉम्प्युटर, दोन मिनिटं वेळ. कुणीतरी एकानं बटण दाबायचं. कुणीच दाबलं नाही तर प्रत्येकाला एक डॉलर. एकानं दाबलं तर दाबणाऱ्याला सव्वा डॉलर आणि बाकीच्या दोघांना दोन-दोन डॉलर. म्हणजे सगळ्यांना वाटतं कुणीतरी दाबावं, फक्त ते आपण नसावं. मिश्र गटांत बायकांनी पुरुषांच्या जवळपास दीडपट वेळा बटण दाबलं. इथवर वाचून "बायका असतातच सोशिक" असं म्हणायचा मोह होतो. पण नुसत्या पुरुषांचा गट केला तेव्हा पुरुषही तितक्याच वेळा दाबू लागले, आणि नुसत्या बायकांच्या गटात बायकांचं दाबणं कमी झालं. म्हणजे स्वभाव आड येत नव्हता. खोलीत बाई असली की ती करेल, ही सगळ्यांची, तिची स्वतःचीही, अपेक्षा काम करत होती. पुढच्या फेरीत एका चौथ्या माणसाला गटातल्या एकाला विनंती करायला सांगितलं. बायकांना ४४ टक्के जास्त विनंत्या आल्या, आणि विचारणारी बाई असली तरीही. विनंती आल्यावर पुरुषांनी ५१ टक्के वेळा होकार दिला, बायकांनी ७६ टक्के.

म्हणून "बायकांनी नाही म्हणायला शिकावं" हा सल्ला मला अपुरा वाटतो. नाही म्हणणाऱ्या बाईला त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय तिनं नाही म्हटलं की ते काम दुसऱ्या बाईकडं जातं.

तसाच दुसरा सल्ला: "मागायला शिका". ऑस्ट्रेलियातल्या ४,६०० नोकरदारांच्या माहितीवर आधारलेल्या २०१८च्या अभ्यासात बायका पगारवाढ पुरुषांइतक्याच वेळा मागत होत्या. पुरुषांना ती २० टक्के वेळा मिळाली, बायकांना १५ टक्के वेळा. आणि पुरुष ६० टक्के अटी जुळल्या तरी अर्ज करतात, बायका सगळ्या जुळल्याशिवाय करत नाहीत, हे जे वाक्य प्रत्येक कार्यशाळेत ऐकवलं जातं, त्यामागं प्रसिद्ध झालेला अभ्यास नाही, एका कंपनीच्या अंतर्गत अहवालाचा हवाला आहे. तारा मोहर यांनी २०१४ साली लोकांना थेट विचारलं तेव्हा अर्ज न करण्याचं मुख्य कारण आत्मविश्वासाचा अभाव निघालंच नाही. अटी लिहिल्या आहेत म्हणजे त्या खऱ्या असणार, उगाच वेळ कशाला घालवा, हे कारण स्त्री-पुरुष दोघांनीही सर्वांत जास्त वेळा दिलं.

आई झाल्यावर

इथं फार लिहीत नाही, कारण प्रत्येकीला हे माहीत आहे. फक्त एक प्रयोग सांगतो. शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली सर्वार्थानं सारखे अर्ज बनवले आणि काहींवर पालक संघटनेच्या कामाचा उल्लेख टाकला, म्हणजे मूल आहे हे कळावं. प्रयोगशाळेत वाचणाऱ्यांनी आईला सरासरी ११,००० डॉलर कमी पगार सुचवला. खऱ्या कंपन्यांकडं अर्ज पाठवले तेव्हा मूल नसलेल्या बाईला आईच्या दुपटीहून जास्त वेळा बोलावणं आलं. बापाचं काहीच बिघडलं नाही.

मुलांसाठीच बायका हे क्षेत्र सोडतात, हे तरी खरं का? जेनिफर ग्लास आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अमेरिकेतल्या पदवीधर बायकांच्या करिअरचा दीर्घकाळाचा माग काढला. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या सुमारे निम्म्या बायका बारा वर्षांत क्षेत्राबाहेर गेल्या. इतर व्यवसायांतल्या उच्चशिक्षित बायकांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं. आणि बाहेर पडलेल्या बहुतेकजणी घरी बसल्या नाहीत. त्या दुसऱ्या क्षेत्रात कामाला लागल्या. ज्या बाईला काम करायचंच नाही ती दुसरी नोकरी धरत नाही.

काय बदललं की फरक पडतो

आनंदाची गोष्ट ही की यातलं बरंचसं प्रक्रियेत दडलंय आणि प्रक्रिया बदलता येते. गूगलनं २००७ साली भरपगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून १८ केली. बाळंतपणानंतर नोकरी सोडणाऱ्या बायकांचं प्रमाण निम्म्यावर आलं. त्याच कंपनीत इंजिनिअरांना बढतीसाठी स्वतःचं नाव स्वतःच पुढं करावं लागायचं. बायका ते कमी करतात असं दिसल्यावर ॲलन युस्टेस या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सगळ्या इंजिनिअरांना ती आकडेवारी सांगणारा एक ईमेल पाठवला. बायकांची नावं येण्याचं प्रमाण वाढलं. एक ईमेल गेला म्हणून इच्छा जन्माला येत नाही. ती होतीच, नाव पुढं केलं तर चालेल एवढं कुणीतरी अधिकारानं सांगायला हवं होतं.

"आमच्याकडं फक्त गुणवत्ता चालते" असं जाहीर करून मात्र भागत नाही. एमिलिओ कॅस्टिला आणि स्टीफन बेनार्ड यांच्या २०१०च्या प्रयोगात, कंपनी गुणवत्तेला सर्वोच्च मानते असं वाचलेल्या मॅनेजरांनी सारख्याच कामाबद्दल पुरुषाला सरासरी ४६ डॉलर जास्त बोनस दिला. आपण निःपक्षपाती आहोत अशी खात्री पटली की माणूस स्वतःला तपासणं सोडतो. त्यापेक्षा रेटिंग देण्याआधी निकष लिहून काढणं, प्रत्येक शेऱ्याला एक घडलेली गोष्ट जोडायला लावणं, आणि पगार-बढतीचे आकडे कुणीतरी वरून बघणार आहे हे माहीत असणं, याचा उपयोग होतो. मिनिट्स, ऑनबोर्डिंग, डॉक्युमेंटेशन यांची पाळी लावली तर "कोण करेल?" असं विचारून दोन मिनिटं शांत बसायची वेळच येत नाही.

हर्मिनिया इबारा आणि सहकाऱ्यांनी २०१० साली आणखी एक फरक दाखवला. बायकांना मेंटॉर भरपूर मिळतात, स्पॉन्सर मिळत नाहीत. मेंटॉर तिच्याशी बोलतो. स्पॉन्सर ती हजर नसलेल्या त्या कॅलिब्रेशनच्या खोलीत तिच्याबद्दल बोलतो, स्वतःचा शब्द खर्च करून. पुढं जायची इच्छा आहे की नाही हे विचारण्यापूर्वी हा दुसरा माणूस तिला आहे का, हे बघावं.

यातूनही काहीजणी खरोखरच लीड व्हायला नको म्हणतील. उत्तम कोड लिहीत राहणं हीच ज्यांची महत्त्वाकांक्षा आहे अशा बायका आहेत, तसे पुरुषही आहेत. म्हणून बऱ्याच कंपन्यांत मॅनेजर न होताही पद आणि पगार वाढण्याची तांत्रिक शिडी ठेवलेली असते. तिचं "नको" नेमकं कशाला आहे हे ओळखायचं असेल तर प्रश्न वेगळा विचारावा लागतो. "लीड होणार का?" याऐवजी, "ऑन-कॉलची पाळी सहा जणांत फिरती ठेवली, रात्रीचा कॉल आठवड्यातून एकावर आणला, पहिले सहा महिने मी डिझाइन रिव्ह्यूला तुझ्यासोबत बसलो आणि बढतीची तारीख आत्ताच लिहून दिली, तर?" यानंतरही ती नको म्हणाली तर तिचं उत्तर जसंच्या तसं स्वीकारावं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं.